तोंडाच्या कॅन्सरचे उपचार संपले. आता घराची घडी पुन्हा कशी बसवावी?

उद्यमनगरकर (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. आमचे घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत असून वडिलांचे लेथ मशिनचे छोटे वर्कशॉप शिवाजी उद्यमनगरात आहे. वडिलांना, म्हणजे आमच्या आप्पांना, गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर निघाला. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. त्यात गालाचा आणि खालच्या जबड्याचा काही भाग, तसेच त्या बाजूच्या मानेतल्या गाठी काढल्या आणि मांडीचे मांस घेऊन गाल भरला. त्यानंतर सहा आठवड्यांत 30 शेक (रेडिएशन) झाले. शेवटचा शेक होऊन चार महिने उलटले आहेत आणि नंतरच्या तपासणीत आजार शिल्लक दिसत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. ही बातमी कळली त्या दिवशी आम्ही अंबाबाईची ओटी भरून आलो, पाहुण्यांना फोन केले आणि आता सगळे मार्गी लागले असे समजून चाललो.

तसे झालेले नाही. आप्पा पंगतीला बसत नाहीत. ओठाचा खालचा भाग बधिर असल्याने घास ओघळलेला त्यांना कळत नाही, म्हणून ते ताट घेऊन मागच्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. तिखटाचा कणही त्यांना सोसत नाही, त्यामुळे माझी पत्नी दोन वेळचा स्वयंपाक दोनदा करते. आईने तर चटणी-भाकरी खाणेच सोडले आहे. त्यांना मिळत नाही ते मला नको, असे ती म्हणते. ज्या घरात दर रविवारी मटण शिजायचे, तिथे आजार कळल्यापासून पातेले चढलेले नाही.

बोलण्याचेही तसेच. त्यांचे शब्द आम्हाला कळतात, पण फोनवर समोरच्याला कळत नाहीत आणि वर्कशॉपमध्ये मशिनच्या आवाजात तर कामगारांना अजिबात कळत नाहीत. मी त्यांना घरीच विश्रांती घ्या म्हणून सांगितले आहे आणि वर्कशॉप सध्या मीच पाहतो. ते दिवसभर टीव्हीसमोर बसतात, पण लक्ष टीव्हीत नसते. आई रात्री दोन-तीनदा उठून त्यांचा श्वास नीट चालला आहे ना, हे पाहते. शेजारच्याच घरात राहणारे माझे चुलते अजूनही तंबाखूची चंची कमरेला लावून आप्पांशेजारी येऊन बसतात आणि आमची आजी रोज सकाळी मिश्री लावते. या दोघांना काय सांगावे आणि कोणत्या तोंडाने सांगावे, हे मला समजत नाही.

औषधे आणि पुढच्या तपासण्या यांविषयी डॉक्टरांनी लिहून दिलेले आहेच. मला विचारायचे आहे ते घरातले. अशा आजारातून उठलेल्या माणसाच्या घरात जेवण, काम, बोलणे, येणे-जाणे हे सारे पुन्हा सुरळीत कसे करावे? ज्यांच्या घरी हे घडून गेले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

कागलची लेक

दादा, माझ्या यजमानांच्या जिभेच्या कॅन्सरचे उपचार संपून आता तीन वर्षे झाली आहेत. तुम्ही लिहिले आहे ते सगळे आमच्या घरी होऊन गेले, म्हणून जेवणापासून सुरुवात करते, कारण घर विस्कटते ते तिथूनच आणि सावरायलाही तिथूनच घ्यावे लागते.

रविवारचे मटण बंद ठेवू नका. आपल्याकडची पद्धत आठवून पाहा. मटण आधी हळद, मीठ, आले-लसूण लावून शिजवतात आणि त्याचे जे पाणी निघते ते अळणी. त्याच अळणीतून पुढे तांबडा होतो आणि पांढराही होतो. म्हणजे तिखट न चालणाऱ्याचा वाटा आपल्या रीतीतच आधी बाजूला निघतो. लहान मुलांना आणि बाळंतिणीला आपण तो देतोच. तुमच्या आप्पांसाठी वेगळा स्वयंपाक करायची गरज नाही, स्वयंपाक होता होता त्यांची वाटी आधी काढून ठेवायची एवढेच. आम्ही आले-लसूणही सुरुवातीला अगदी नखाएवढे घालत असू, कारण त्यानेही जळजळ होत असे. अळणीत मऊ भात कुस्करून, वरून साजूक तूप घालून त्यांना दिले की जेवण होई. पुढे काही महिन्यांनी मिरची आणि मिरे वगळून, ओल्या नारळाचे दूध, काजू आणि खसखशीची बारीक वाटलेली पेस्ट घालून पांढरा रस्सा करू लागले, तो त्यांना सहज गिळता येई. मटणाचे तुकडे चावता येत नसतील तर खिमा अळणीत शिजवून मिक्सरमधून फिरवून घ्यावा.

इतर दिवशीही हीच युक्ती चालते. आमटीला फोडणी देण्यापूर्वी शिजलेले वरण काढून ठेवावे, भाजीतली पडवळ, दुधी, भोपळा अशी मऊ फोड चटणी घालण्याआधी बाजूला घ्यावी. नाचणीची आंबील चांगली, पण ताक आंबट असेल तर सुरुवातीला झोंबते. त्याऐवजी दुधातली खीर करावी. अंडे मऊ शिजवून वरणात मिसळले तर प्रथिने मिळतात आणि चवही फारशी बदलत नाही. काहींना दुधाने लाळ अधिक चिकट झाल्यासारखी वाटते, तसे होत असेल तर दूध प्याल्यावर दोन घोट कोमट पाणी द्यावे. पाणी पिताना किंवा जेवताना वारंवार ठसका लागत असेल, आवाज घोगरा होत असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, ते डॉक्टरांच्या कानावर घाला. अन्न श्वासनलिकेत जात असण्याची ती खूण असू शकते.

चवीबद्दल एक सांगते, कारण त्यावरून आमच्या घरी फार रुसवे-फुगवे झाले. शेकानंतर चव जाते, ती काही महिन्यांत हळूहळू परत येते आणि सगळ्या चवी एकदम येत नाहीत. यजमानांना आधी गोड नकोसे झाले होते, प्रत्येक पदार्थ पितळेच्या भांड्यात कळकल्यासारखा लागत होता. तेव्हा त्यांनी ताट सरकवले की ते माझ्या हाताला नावे ठेवतात असे मला वाटे. तुमच्या पत्नीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिच्या मनाला लागणार नाही.

आता पंगतीचे. आम्ही घरात सगळ्यांच्याच ताटाशेजारी एक छोटा सुती रुमाल ठेवू लागलो, अगदी मुलांच्याही. त्यामुळे रुमाल ही एकट्या आजारी माणसाची वस्तू राहिली नाही. घास ओघळला की मी काही न बोलता माझ्याच हनुवटीला बोट लावायची, ते समजून पुसून घ्यायचे. पाहुण्यांच्या समोरही ही खूण कुणाच्या लक्षात आली नाही. त्यांना जेवायला वेळ लागतो, म्हणून आम्ही त्यांचे ताट आधी वाढतो आणि आम्ही थोडे मागून बसतो. सगळे साधारण एकाच वेळी उठतात. शेवटचा एकटा माणूस ताटावर बसून राहिला आणि बाकीचे हात धुऊन निघून गेले, तर तो पुढच्या वेळी पंगतीला येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आणि आईंना चटणी-भाकरी खाऊ द्या. आप्पांनीच त्यांना तसे सांगावे, हे उत्तम. आपल्यामुळे बायकोने जेवणावरची वासना सोडली आहे, हे ओझे आजारी माणसाला फार जड होते. फक्त उन्हाळ्यात डंकावरून चटणी कुटून आणली की तिचे डबे त्यांच्या खोलीपासून लांब ठेवा आणि लाल मिरचीची फोडणी देताना खिडक्या उघड्या असू द्या. कोरड्या पडलेल्या घशाला तो ठसका फार लागतो.

दंतवैद्य, इचलकरंजी

मी दातांचा डॉक्टर आहे आणि शेक घेतलेले बरेच रुग्ण माझ्याकडे येत असतात. आप्पांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला हाच अंतिम समजावा. मी केवळ घरच्यांनी कशावर लक्ष ठेवायचे ते लिहितो.

पहिली गोष्ट तोंड उघडण्याची. निरोगी माणसाच्या वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत तोंड पूर्ण उघडल्यावर साधारण 40 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतर पडते. ते 35 च्या आत आले की तोंड आखडले असे आम्ही मानतो. शेक दिलेल्या भागातले स्नायू आणि कातडी उपचार संपल्यावरही पुढे अनेक महिने, कधी कधी वर्षानुवर्षे कडक होत राहतात. म्हणून शेक संपला, आता व्यायाम कशाला, असे म्हणून चालत नाही. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून त्यांची चळत पुढच्या दातांमध्ये धरायची, हलका ताण जाणवेल तिथे साधारण अर्धा मिनिट थांबायचे, सोडायचे, पुन्हा धरायचे. असे दिवसातून काही वेळा करावे आणि सोसेल तशी एकेक काडी वाढवावी. जबड्याचे हाड कापले असल्यामुळे किती जोर द्यायचा हे आधी तुमच्या शल्यचिकित्सकांकडून किंवा फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्या. तोंड पुरेसे उघडले नाही तर घास जात नाही, दात घासता येत नाहीत, शब्द स्पष्ट निघत नाहीत आणि आत नवीन जखम झाली तर तपासणाऱ्याला ती दिसतही नाही. घरातल्या अनेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत असते.

दुसरी गोष्ट लाळेची आणि दातांची. लाळग्रंथींवर शेक गेल्याने तोंड कोरडे पडते, त्यात वर्ष-दोन वर्षांत काहीशी सुधारणा होते, पूर्ण होईलच असे नाही. लाळ कमी झाली की दात फार झपाट्याने किडतात. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट, मऊ ब्रश, प्रत्येक खाण्यानंतर चूळ हे आयुष्यभराचे समजा. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मे मीठ घालून गुळण्या केल्यास चिकट लाळ सुटते. आपल्या भागात अशक्त माणसाला दिवसभर थोडा थोडा गुळाचा चहा किंवा गोड दूध पाजण्याची पद्धत आहे, ती मात्र बंद करा. गोड द्यायचे ते जेवणाच्या वेळी द्यावे आणि लगेच चूळ भरायला लावावी. मधल्या वेळी साधे पाणी घोट घोट प्यावे.

तिसरी गोष्ट मी विनंती म्हणून लिहितो. दात दुखला म्हणून कोणत्याही दवाखान्यात जाऊन तो उपटून घेऊ नका. शेक बसलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, त्यामुळे दात काढलेली जागा कधी कधी भरून येत नाही आणि हाड उघडे पडून सडू लागते. ही भीती चार-सहा महिन्यांपुरती नाही, ती पुढेही राहते. दंतवैद्याला आधी शेकाची फाइल दाखवावी आणि त्याने शेक देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून मगच हात लावावा.

आप्पा गप्प बसतात, थकलेले असतात, असे तुम्ही लिहिले आहे. मन खचणे हे कारण असू शकतेच, पण मानेवर शेक घेतलेल्यांमध्ये थायरॉइडचे काम मंदावणे हेही नेहमी आढळते आणि त्यात माणूस असाच सुस्त, उदास, थंडी वाजणारा होतो. टीएसएच ही रक्ताची साधी तपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची असते. ती झाली आहे का ते पाहा. त्याचप्रमाणे मानेतल्या गाठी काढताना खांद्याकडे जाणारी नस दुखावली असल्यास हात वर जात नाही आणि खांदा ओघळतो. शर्ट घालताना ते कसे घालतात हे पाहिले तरी तुमच्या लक्षात येईल. त्यावरही व्यायाम आहेत आणि ते जितके लवकर सुरू होतील तितके चांगले.

तपासण्या सहसा पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी आणि पुढे पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी असतात. आजार उलटण्याचा धोका पहिल्या दोन-तीन वर्षांत अधिक असल्याने सुरुवातीची एकही तारीख चुकवू नका.

चुलते आणि आजी यांच्याविषयी. त्यांना उपदेश करण्यापेक्षा तोंड तपासून घ्यायला सांगा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारे तोंड, यांपैकी काही असेल तर ते लवकर सापडणे फार मोलाचे असते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही ही तपासणी होऊ शकते. चुलत्यांना तंबाखू सोडायची इच्छा झाली तर 1800-11-2356 हा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे, तिथे समुपदेशक बोलतात. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, ती दात साफ करायची पूड नव्हे. हे वयस्कर बायकांना कुणी सांगितलेलेच नसते. आजीला दोष न देता तेवढे सांगा. आणि आप्पांच्या शेजारी बसून कुणीही तंबाखू मळू नये, एवढा नियम घरात करायला तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तंबाखू पुन्हा सुरू झाली तर नवा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो आणि सवय सुटलेल्या माणसाला चुन्याचा वाससुद्धा पुरतो.

गडहिंग्लजचा शिक्षक

मी स्वतः या आजारातून गेलो आहे. माझाही गाल आणि जबडा गेला, शेक झाले. पेशाने शिक्षक असल्याने बोलणे हेच माझे काम होते. म्हणून तुमच्या आप्पांच्या बाजूने लिहितो. त्यांना हे सारे कदाचित सांगता येत नसेल.

तुम्ही त्यांना विश्रांती घ्यायला सांगितलेत ते प्रेमापोटी. परंतु ज्या माणसाने आयुष्यभर सकाळी शटर वर केले, त्याला चार महिन्यांनंतरही नुसते बसवून ठेवले की, आपल्यावाचून सर्व सुरळीत चालले आहे, असा त्याचा अर्थ त्याच्यापाशी पोहोचतो. मला दिवसातून अनेकदा 'बरे वाटते का' असे विचारत असत. त्याला उत्तर काय द्यायचे? एके दिवशी मुख्याध्यापक घरी आले आणि त्यांनी वेळापत्रकाचा कागद माझ्यासमोर ठेवून दहावीच्या तासांची अडचण विचारली. त्या संध्याकाळी मी पेन्सिल घेऊन दोन तास बसलो. तेव्हा तुम्हीही त्यांना खऱ्या अडचणी विचारा. नव्या जॉबचा दर काय लावावा, कोणत्या गिऱ्हाइकाला उधारी द्यावी, कुठली मशिन दुरुस्तीला काढावी, हे त्यांना तुमच्यापेक्षा अधिक कळते. मात्र कामाचा देखावा करू नका. त्यांनी सांगितलेला दर बाजूला ठेवून तुम्ही दुसराच लावला, तर ते पुन्हा बोलणार नाहीत.

सुरुवातीला सकाळचे एक-दोन तास पुरेत. शेकानंतरचा थकवा कामाच्या थकव्यासारखा झोपेने जात नाही, तो कित्येक महिने राहतो आणि एक दिवस बरे वाटले म्हणून जास्त काम केले की पुढचे दोन दिवस अंथरूण धरावे लागते. वर्कशॉपमध्ये त्यांची बसायची जागा मशिनपासून दूर, आतल्या खोलीत करा, ड्रॉइंग आणि मापे तपासण्याचे काम तिथे येऊ द्या आणि कामगारांना त्यांच्यासमोर येऊन उभे राहायला सांगा. आमच्यासारख्यांचे बोलणे अर्धे ओठांवरून समजते. फोनवर ते शक्य नसते, म्हणून फोनचा आग्रह सध्या नको. व्हॉट्सॲपवर लिहिता येते, व्हिडिओवर चेहरा दिसतो.

बोलताना त्यांचे वाक्य तुम्ही पुरे करू नका. हे मला कळकळीने सांगायचे आहे. समजले नाही तर समजल्यासारखी मान हलवू नका, 'आप्पा, पुन्हा सांगा' असे सरळ म्हणा. मान हलवणारा माणूस आम्हाला लगेच ओळखू येतो. वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ मिळाले तर जरूर जावे. घरी मी एक केले, ते तुम्हालाही करता येईल: नातीला तिच्या बालभारतीच्या पुस्तकातला धडा रोज मोठ्याने वाचून दाखवायचा. मुले चुकीचा उच्चार ऐकला की निःसंकोच थांबवतात, त्यात दया नसते. तुमच्या घरी मूल असेल तर त्याला आजोबांच्या गालाविषयी विचारू द्या आणि उत्तर त्यांनाच देऊ द्या. मोठी माणसे मुलाला डोळ्यांनी दटावतात, त्याने आजोबांना अधिक लाज वाटते.

बाहेर पडण्याचे म्हणाल तर सुरुवात पहाटे रंकाळ्यावर करावी. गर्दी कमी असते, जे असतात ते आपापल्या चालण्यात असतात. सोबत घरातले कुणी नको, त्यांचा एखादा जुना, कमी बोलणारा मित्र असावा. मी बराच काळ तोंडावर पंचा गुंडाळून जात असे. कुणी तो काढायला लावला नाही, हे बरे झाले. मला वाटले तेव्हा मी तो खांद्यावर टाकला.

आणि एक. तपासणीची तारीख जवळ आली की घरात सगळे एकमेकांना धीर देतात आणि कुणीच खरे बोलत नाही. मला त्या आठवड्यात झोप लागत नसे, ते बायकोलाही माहीत होते आणि तिलाही लागत नसे, ते मलाही माहीत होते. दोघांनी उठून बसून तसे बोलून दाखवल्यावर पुढच्या तारखा थोड्या सोप्या गेल्या. तुमच्या आई रात्री उठून श्वास पाहतात, हे आप्पांना झोपेतही कळत असणार.

उद्यमनगरकर (प्रश्नकर्ता)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल कृतज्ञ आहे. आप्पांना मी सगळे वाचून दाखवले. मधला एखादा परिच्छेद वगळावा असे वाटत होते, पण वगळला नाही.

आइस्क्रीमच्या काड्यांचा व्यायाम आम्ही फिजिओथेरपिस्टना विचारून सुरू केला आहे. पहिल्या दिवशी आप्पांनी काड्यांची चळत तोंडातून काढली, रबर लावले आणि कपाटातला व्हर्निअर मागवून तिची जाडी मोजली. 22 मिलिमीटर. मग त्यांनी वर्कशॉपच्या जुन्या वहीत तारीख घालून तो आकडा लिहिला. आता रोज संध्याकाळी ते मोजतात. काल 26 भरले. एखाद्या दिवशी आकडा कमी आला तर ते चिडतात, पण निदान चिडतात. टीएसएचसाठी रक्त दिले आहे. रविवारी अळणी काढून मटण केले. आप्पा बाहेर येऊन बसले, फार जेवले नाहीत, पण बसले. आईने मात्र अजून चटणीला हात लावलेला नाही.

दोन शंका राहिल्या आहेत. पुढची तपासणी परळला आहे आणि आप्पा रेल्वेने यायला तयार नाहीत, डब्यातले लोक बघत राहतात म्हणतात; स्वतंत्र गाडी प्रत्येक वेळी परवडणारी नाही. दुसरे, आईला कसे सांभाळावे?

पंचगंगाकाठ

मी माझ्या वडिलांना घेऊन अनेक वर्षे परळची वारी केली आहे, त्यावरून लिहिते.

कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी किंवा ठरावीक तपासणीसाठी जाताना रेल्वेत सवलत असते. स्लीपर आणि थ्री टियर एसीत रुग्णाचे भाडे पूर्ण माफ होते आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र घ्यावे लागते. या वेळी परळला गेलात की पुढच्या प्रवासाचे प्रमाणपत्र मागून घ्या. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची असल्याने लोक बघण्याची अडचण आपोआप कमी होते. आप्पांना घरीच सावकाश जेवू घालावे, डब्यात चढल्यावर लगेच त्यांच्या बर्थवर अंथरूण घालून द्यावे आणि थर्मासमध्ये गरम पेज व कोमट पाणी ठेवावे. एसीच्या कोरड्या हवेत रात्री तोंड फार सुकते, तेव्हा उशाशी पाण्याची छोटी बाटली असावी. तरीही त्यांचे मन होत नसेल, तर मधल्या तपासण्या कोल्हापुरात किंवा मिरजेत करून फक्त ठरावीक वेळी परळला आले तर चालेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा. विचारण्यात काही वावगे नाही, दूरच्या गावचे रुग्ण तसे विचारतातच.

पुढे काही मोठी तपासणी किंवा उपचार निघालेच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा. रेशन कार्ड आणि आधारवरील नाव जुळते आहे की नाही, ते आताच पाहून ठेवा. ऐन वेळी ते जुळवताना घरच्यांची फार धावपळ होते.

आता आईंविषयी, कारण मला यावरच अधिक बोलायचे आहे. आजारी माणसाची फाइल असते, सांभाळणाऱ्याची नसते. आमच्या आईचा रक्तदाब वाढलेला आहे, हे वडिलांच्या आजाराच्या दुसऱ्या वर्षी कळले, तेही ती डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसली तेव्हा. तुमच्या आईंची रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन ही तपासणी आप्पांच्या रक्तासोबतच करून घ्या; एकटीसाठी त्या दवाखान्यात जाणार नाहीत. रात्री उठण्याचे काम त्यांच्याकडून काढून घ्या. ते नुसते सांगून होत नाही, कुणीतरी त्या खोलीत झोपावे लागते. आठवड्यातले काही दिवस तुम्ही स्वतः आप्पांच्या खोलीत झोपा आणि आईंना नातीजवळ झोपू द्या. पहिल्या रात्री त्यांना झोप लागणार नाही, तरी मोडू नका.

त्यांना बाहेर काढण्यासाठी 'जरा फिरून या' असे म्हटले तर त्या जाणार नाहीत, निमित्त लागते. माहेरचे लग्न, भिशी, हळदी-कुंकू, जोतिबाला नवस फेडणे, जे असेल ते पुढे करा आणि त्या दिवशी आप्पांचे जेवण कोण देणार हे आधी ठरवून त्यांना सांगा. हे काम सुनेवर टाकू नका, तिच्यावर आधीच दोन्ही वेळचा भार आहे; ते तुम्ही किंवा तुमच्या चुलत्यांनी करावे. चुलत्यांना काय सांगावे, हा तुमचा प्रश्न होता ना? त्यांना काम द्या. चंची घरी ठेवून, दुपारी येऊन भावाला जेवू घालायचे आणि काड्यांचा आकडा वहीत लिहायचा. भाऊ आहेत, ते येतील.

आई कुणाजवळ मन मोकळे करत नसतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. आमच्या आईने तो कधी लावला नाही, पण मी लावला होता आणि मला त्याचा उपयोग झाला. चटणीचे म्हणाल, तर त्यांच्या पुढ्यात आप्पांनी स्वतःच्या हाताने भाकरीवर चटणी आणि तेल वाढून द्यावे. कागलच्या ताईंनी वर तेच सुचवले आहे आणि माझेही तेच मत आहे.